शुभेच्छुकांच्या मागचं जहाज

पिंपरी पेंढारपासून थेट समुद्रापर्यंत जेवढी म्हणून माणसं राहतात, त्यांत माझ्या साडूंइतका काटेकोर माणूस झाला नाही आणि पुढे होऊ नये, अशी माझी देवाजवळ प्रार्थना आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळी नोकरी नौदलात, एका विनाशिकेवर आचारी म्हणून गेली. विनाशिका म्हणजे शत्रूची जहाजं शोधून बुडवणारं लढाऊ जहाज. पण निवृत्त होऊन गावी आल्यापासून साडूंनी तिचा धाक घातला तो नातेवाइकांनाच. भाकरी जाड वाटली की ते मोजपट्टी आणतात. सरी वाकडी गेली की ट्रॅक्टरवाल्याला खाली उतरवून ती त्याला दाखवतात. निमगाव सावाच्या एका लग्नात मांडव एका अंगाला कलल्यासारखा दिसला, तर यांनी ‘भार सारखा करा’ म्हणत अर्धं वऱ्हाड भरल्या ताटांसकट पलीकडे नेऊन बसवलं. मांडव होता तसाच राहिला, नवरदेवाचा मामा मात्र रुसला.

असा हा माणूस एका बातमीनं हलला. त्यांचं जहाज भंगारात निघणार होतं. त्या दिवशी ते दोन घास कमी जेवले आणि भाकरीची जाडीही त्यांनी पाहिली नाही. दुःख जहाजाचं होतंच, पण त्याहून मोठं दुःख हे की अक्कानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ते कधी पाहिलंच नव्हतं. घरच्यांना जहाज दाखवायचा दिवस दरवर्षी यायचा आणि दरवर्षी इकडे कांदा काढणीला तरी आलेला असायचा, नाहीतर टोमॅटो तोडणीला. साडू समुद्रावर आणि अक्का रानात, असा त्यांचा संसार झाला. “पावणं, मोडायच्या आत तिला जहाज दाखवायचं,” ते मला म्हणाले. “खऱ्याच्या शंभराव्या मापाचं लाकडी, घरी बनवून. फकस्त प्लॅन पायजे.”

त्या ‘फकस्त’नं पुढे सगळ्यांचा जीव काढला. इंटरनेटवर सापडलेल्या पहिल्या आराखड्यात तोफ चार बोटं पुढे होती. दुसरा परक्या देशाच्या जहाजाचा निघाला, तेव्हा आपण फितूर झाल्यासारखं वाटून त्यांनी तो घाईघाईनं पुसला. बरोबर नोकरी केलेल्या मित्राला फोन केला, तर तो घाबरून म्हणाला की लढाऊ जहाजाचे नकाशे असे फोनवर मागत नसतात. जुन्नरला फर्निचर करणारे एक चाचा आहेत. ते वैतागून म्हणाले, “काका, बिगर प्लॅनचं बनवून देतो. पण बसल्यावर करकरलं तर बोलायचं न्हाई.” अखेर कुणा हौशी माणसानं काढलेला, जहाज उभं चिरून आतले मजले दाखवणारा एक आराखडा मिळाला. साडूंनी तो दोन दिवस भिंग लावून तपासला आणि ‘पास’ म्हणाले.

आता तो मोठा छापायला हवा. आमच्याकडे मोठं छापणं म्हणजे फ्लेक्स. नारायणगावच्या दुकानात साडूंनी ‘जसंच्या तसं’ असं तीनदा बजावलं आणि आम्ही चहाला गेलो. परत येऊन पाहतो तर जहाजाच्या डोक्यावर लाल अक्षरांत ‘हार्दिक शुभेच्छा’, आणि पाण्याखालचा सगळा भाग झाकून तालुक्यातल्या समस्त शुभेच्छुकांचे गोल फोटो. एक भाऊ तर गॉगल लावून थेट खालच्या मजल्यावर हात जोडून उभे.

“मोकळा फ्लेक्स बरा दिसत नाय राव,” दुकानदार म्हणाला. “आन तसंबी खाली नुसतं पाणीच व्हतं. नको आसंल तर फोटो काढून दुसरा मारून देतो.”

मी कानांवर हात ठेवायच्या तयारीत होतो. पण साडूंनी फ्लेक्स शांतपणे गुंडाळला. “आसू द्या,” म्हणाले. मला त्यांची तब्येत बरी नसावी असंच वाटलं.

घरी आल्यावर कांद्याच्या चाळीला तो फ्लेक्स टांगला. अक्का रानातून आली, पदराला हात पुसत तिनं जहाज या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

“लई मोठं हाय वं. यात तुमची खोली कंची? ती खिडकीवाली?”

साडूंचं बोट वरच्या मजल्यावर गेलं. तिथं खिडक्या होत्या, अधिकाऱ्यांच्या. बोट तिथं टेकलं, मग हळूहळू खाली आलं आणि गॉगलवाल्या भाऊंच्या छातीवर थांबलं.

“हितं. यांच्या मागं.”

“हे तर पाण्याच्या खाली झालं. आन फोनवर म्हनायचात, खिडकीतनं समुद्र दिसतो?”

“तू हितं एकटी. खिडकी हाय म्हनलं की तुला बरं वाटायचं.”

दुसरा फ्लेक्स का नको होता, ते मला आत्ता कळलं: भाकरी मोजणाऱ्या या माणसाची बिनखिडकीची खोली त्या फोटोंमागं झाकली गेली होती.  अक्कानं त्या भाऊंच्या फोटोवर तळहात ठेवला.

“मंग आता हितं खिडकी काढा.”

“पाण्याखाली? आगं, जहाज बुडंल!”

“बुडू द्या. आपल्याला आता कुठं जायाचंय?”

साडूंनी काम सुरू केलंय. तोफा, डोलकाठी, वरचे मजले यांतलं अजून काहीच झालेलं नाही. पण सागाच्या एका फळीला, पाण्याच्या रेघेखाली, त्यांनी खिडकी काढली आहे, आणि गेल्या खेपेला मी गेलो तेव्हा अक्का शेजारी बसून तिच्या कडा पॉलिशपेपरनं घासत होती.