सीलबंद खोलीतली शेगडी

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात माझी मुलगी कुवेतमधल्या हवल्लीतल्या आमच्या भाड्याच्या घरात आली, तेव्हा तिची काळजी वाहायला सगळे टपलेलेच होते. थंडीपासून तिला माझी आई वाचवणार होती, विषारी वायूपासून माझा नवरा आणि धुरापासून घरमालक. मी नुसती बाळंतीण. मला कुणी काही विचारत नव्हतं.

आई चिपळूणहून खास बाळंतपणासाठी आली होती. कुवेत म्हणजे बारा महिने ऊन, अशा समजुतीने निघालेल्या बाईला जानेवारीतला वाळवंटी वारा लागला, आणि तिने आधी माझा स्वेटर मागितला, मग शेगडी. बाळ-बाळंतिणीला शेक हवा, ओवा-बाळंतशेपांची धुरी हवी, नाहीतर पोर जन्मभर सर्दीपडशाने कुरकुरत राहील, असं तिचं ठाम मत. खोलीत विजेचा हीटर होता. त्याच्यापुढे हात धरून तिने नाक मुरडलं. ज्याला निखारा नाही, तो कसला शेक?

अडचण होती ती जिन्यातल्या पाटीची. इमारतीतली हवा शुद्ध राहावी म्हणून घरात कोळसा किंवा रॉकेल जाळायला बंदी. जो जाळेल त्याने घर खाली करावं, असं मालकाने अरबीत आणि इंग्रजीत लिहून लावलं होतं. खुद्द मालकाच्या घरातल्या बखूरचा, म्हणजे अरबी धुपाचा, धूर जिनाभर पसरायचा, पण तो सुगंध होता. इमारतीचा रखवालदार, त्याला तिथे हारिस म्हणतात, जिन्याखालच्या खोलीत निखाऱ्यांवर चहा उकळायचा, पण तो भाडेकरू नव्हता. दक्षिणेचा वारा सुटला की तेलाच्या कारखान्यांचा दर्प नाकात बसायचा. त्यांनाही कुणी जागा खाली करायला सांगितल्याचं ऐकिवात नाही.

नवऱ्याचा ताप निराळाच. शेजारच्या देशात युद्ध पेटणार हे सगळे धरूनच चालले होते, आणि कुणी विषारी वायू सोडलाच तर घरातली एक खोली पक्की बंद करता यायला हवी, असं जो तो सांगत होता. मिरकाब भागातल्या त्याच्या ऑफिसात हिशेब बाजूला पडले आणि कोणाची खोली किती घट्ट याची चढाओढ लागली. हवल्लीतली चिकटपट्टी संपली, तर हा गाडी काढून शहराच्या दुसऱ्या टोकाहून घेऊन आला. लग्नाच्या अल्बमचं सुटलेलं पान ज्याला कधी चिकटवता आलं नाही, त्याने आमच्या खोलीची खिडकी प्लास्टिक लावून अशी बंद केली की मुंगीलाही आत यायला व्हिसा लागला असता. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कसा दाबायचा, हेही त्याने आईला करून दाखवलं. आईने ते फार मन लावून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर तिने पलंगाखालून लोखंडी शेगडी काढली. समोरच्या रत्नागिरीच्या भाभी ती वाळवंटात सहलीला न्यायच्या. आईने गोड बोलून मागून आणली होती. तिने स्वयंपाकघरात गॅसवर कोळसे फुलवले, शेगडी खोलीत आणली, निखाऱ्यांवर ओवा टाकला, दार लावलं आणि टॉवेल दाबला. हारिसला वास येईल म्हणून मी घाबरले, तर ती हसली.

"जावईबापूंनी काम चोख केलंय गो," ती म्हणाली. "बाहेरचं आत येत नाही, तर आतलं बाहेर कसं जाईल?"

तर्क बिनतोड होता. आणि खरं सांगायचं तर मला सुख वाटत होतं. कितीतरी दिवसांनी पाठ मोकळी झाली. थोड्या वेळाने डोकं जड झालं, ते मी ओव्याच्या धुरीच्या खात्यावर टाकलं. आई भिंतीला टेकून पेंगत होती. न्हाणं झालं की घर डोक्यावर घेणारी पोर आज हूं की चूं करत नव्हती.

"बघ, शेक कसा मानवला," आई डोळे मिटूनच पुटपुटली.

नवरा दुपारी जेवायला आला. टॉवेलसकट दार ढकलून तो आत शिरला आणि पाटी, मालक, भाडं असं काहीबाही बोलू लागला. मग त्याने मुलीला उचललं. तिची मान त्याच्या हातावरून लोंबली, तसा तो खिडकीकडे धावला. एका हाताने तो खिडकीची पट्टी ओरबाडत राहिला, पण ती त्यानेच लावली होती, निघेना. शेवटी पोरीला घेऊन तो जिन्यात धावला. मी आणि आई भिंती धरत त्याच्यामागे गेलो.

धुराचा वास आल्याने हारिस वर येतच होता. त्याने एकदा पोरीकडे पाहिलं आणि जिन्यातली खिडकी सताड उघडली. गार वारा आत आला. आम्ही तिच्या तोंडावर फुंकर घातली, तळवे चोळले. मी देवाचं नाव घेत होते की नवऱ्याला शिव्या देत होते, मला आठवत नाही. मग तिने एक उचकी दिली आणि गळा काढला. इमारतभर दारं उघडली. वरून मालकाच्या चपला वाजू लागल्या. इस्पितळात जायला खाली उतरता उतरता नवरा सवयीने तिला थोपटून गप्प करू लागला.

आईने त्याचा हात धरला.

"घर गेलं तर जाऊ दे," ती म्हणाली. "तिला गप्प करू नका."