न धुतलेला सदरा

सातवीत गुरुजींनी घरून लिहून आणायला विषय दिला, 'वडिलांस पत्र'. निबंधांचं एक पुस्तक बाजारात मिळायचं, आणि तेच गुरुजींच्या खणातही असायचं. वही नि पुस्तक शेजारी ठेवून ते ओळ ओळ ताडून बघत, जुळली की हातावर छडी. "मनानं लिहा, गाढवांनो," एवढंच काय ते शिकवणं. मनात असणार काय, कपाळ? माझा बाप बंदरावर दुकान चालवायचा आणि दोन्ही वेळा माझ्यासमोर जेवायला बसायचा. त्याला पत्रात काय लिहू? पण पहिला नंबर मला सोडायचा नव्हता.

शेजारच्या काकीचा नवरा मुंबईला गिरणीत होता. माझं अक्षर बरं, म्हणून तिची कार्डं मी लिहायची. तिची मुलगी माझ्याच वर्गात, पण काकी पोरीला लिहायला बसवत नसे. "चेडवाक ह्या कशाक कळूक व्हया," म्हणायची. त्या आठवड्यात तिनं सांगितलं, "लिव गो. येवक जमना नाय तर रवांदे. बोटीन येतल्या कोणाकडे तुमचो एक सदरो धाडा. धुव नकात. झिलाक बापाशीचो वास तरी कळांदे."

नाव तान्ह्या पोराचं, सदरा हवा होता तिला. तेव्हा मला ते कळलं नव्हतं असं मी लोकांना सांगते. चांगलं कळलं होतं.

कार्ड पोस्टात टाकलं आणि तोच मजकूर शुद्ध मराठीत वहीत उतरवला. कुठल्या पुस्तकात तो सापडणार नव्हता.

गुरुजींनी माझं पत्र वर्गात मोठ्यानं वाचलं. "ह्याला म्हणतात स्वतःचं," म्हणाले. तेवढ्यात काकीची मुलगी उभी राहिली. "गुरुजी, ह्या माझ्या आवशीचा पत्र. मी चुलीकडसून आयकलंय."

मुलगे हसत सुटले. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं.

"नाही गुरुजी," मी म्हटलं. "मनानं लिहिलं."

त्यांनी तिला विचारलं, "तुझ्या आईला लिहिता येतं?"

"नाय."

"मग पत्र तिचं कसं?"

खोटा आळ घेतला म्हणून तिला दोन छड्या बसल्या. मला दहापैकी नऊ मिळाले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी घामट सदरा आणून तिच्या जागेवर टाकला, "आवशीक दी" म्हणून. मीही हसले, न हसते तर संशय आला असता. आठवड्याभरात तिनं शाळा सोडली आणि काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जाऊ लागली.

महिन्याभरानं बोटीनं सदरा आला. सगळ्या वाडीला आधीच ठाऊक होतं. काकीनं तो घरात नेलाच नाही. तशीच विहिरीवर गेली आणि चार बायकांदेखत साबण लावून आपटून धुतला.

त्यानंतरही ती कार्ड घेऊन माझ्याकडेच आली, दुसरं लिहिणारं होतं कोण? "सदरो पावलो. हय सगळी खुशाल," एवढंच तिनं सांगितलं. अर्ध्याहून जास्त कार्ड कोरं होतं.

"आणखी काय लिहू, काकी?"

"आनी सांगलंय तर तुका मार्क गावतले," ती म्हणाली. "पत्तो घाल."

मी पत्ता घातला.