जराहेर

मी मास्तरीण म्हणून पहिल्यांदा रुजू झाले ते गाव जानेफळहून पायी तासाभराच्या वाटेवर होतं. महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. मुलींची शाळा सातवीपर्यंत, पण पाचवीपासूनचे वर्ग बहुतेक कागदावरच. चौथी झाली की पोरगी घरी. बापांना विचारलं तर एकच उत्तर, "पुढं शिकून काय कराचं हाय, बाई?" मी बावीस वर्षांची होते, अंगात रग होती आणि जिभेला हाड नव्हतं. भांडून पाहिलं, घरोघर हिंडून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी मेहकरच्या एका बंद पडलेल्या भजनी मंडळाकडून मी त्यांची जुनी पेटी शाळेसाठी मागून घेतली. पेटी म्हणजे हार्मोनियम. एस्टीच्या टपावर बांधून फाट्यापर्यंत आणली, तिथून डोक्यावर. तिचे मुके झालेले सूर खामगावच्या कारागिराकडून बोलते करून घेतले आणि शाळेत गाण्याचा तास सुरू केला. अट एकच ठेवली. गाण्याच्या तासाला बसायचं तर पाचवीत नाव पाहिजे.

पोरींनी घरी असा उच्छाद मांडला की बापांनी हात टेकले. त्या वर्षी पाचवीचा वर्ग पहिल्यांदा खरोखरीचा भरला. गावचे पाटील शाळेचे अध्यक्ष होते. त्यांची धाकटी मुलगीसुद्धा वर्गात येऊन बसली, तेव्हा मी मनातल्या मनात एक गिरकी घेतली. ही पेटी आहे तोवर वर्ग आहे, एवढं मला पक्कं कळलं होतं.

तर अशा दिवसांत पाटलांच्या घरी एक गवई उतरले. साधेसुधे नव्हेत. ज्यांचं गाणं रेडिओवर लागलं की बाया चुलीवरचं विसरायच्या, ते. मुंबईहून नागपूरला निघाले होते म्हणे, मोटार मेहकरजवळ बिघडली, दुरुस्त होईतो इथे मुक्काम. रेशमी सदरा, गळ्याला मफलर, बोटात दोन अंगठ्या, आणि भाषा अगदी धुतल्या तांदळासारखी. त्या काळी गवयाचा आवाज गावोगाव पोचला होता, पण चेहरा कोणी पाहिला होता? गावात रेडिओ एकच, पाटलांचा. त्यातून माणूस दिसत नाही. त्यामुळे जो म्हणेल मी तो, तो तो.

चार दिवस गवयांची जी बडदास्त झाली ती जावयाची होत नाही. सकाळी ऊन पाणी, तुपातला शिरा, दुपारी पुरणपोळी, संध्याकाळी गादी-लोड आणि विडा. न्हावी घरी येऊन दाढी करून जायचा. ज्याच्या त्याच्याकडून नारळ आणि धोतरजोडी. गायला मात्र ते काही केल्या तयार नव्हते. "गळा विश्रांतीत आहे, बरं का," असं म्हणून मफलरला हात लावायचे. लोकांना त्याचंही कौतुक! मीसुद्धा, खोटं कशाला बोलू, दोनदा काही ना काही निमित्त काढून पाटलांच्या ओसरीवरून चक्कर मारली होती.

पाचव्या दिवशी गवई शाळा बघायला आले. पोरी स्वागताचं गाणं म्हणत होत्या आणि मी पेटी वाजवत होते. त्यांचं लक्ष पोरींकडे नव्हतं. ते पेटीजवळ आले, भाता हलवून पाहिला, आतल्या सुरांच्या पट्ट्या निरखल्या आणि पाटलांना म्हणाले, "अहो, अशा विलायती सुरांची पेटी आता मिळत नाही. ही इथे वाया चालली आहे. माझ्यासोबत द्या. नागपूरच्या रेडिओवर मी हीच पेटी घेऊन बसेन आणि तुमच्या गावाचं नाव घेईन."

पाटील फुलून आले. "न्या की! आमच्या गावाचं भाग्य." मी म्हटलं, "पाटील, पेटी शाळेची हाय. मग पोरी काय वाजवतीन?" ते हसले. "पोरीले काय बाई, टिपऱ्या द्या हातात." पाठीमागे पाचवीच्या पोरी उभ्या होत्या. त्यांच्यातल्या निम्म्या उद्या घरी बसणार, हे त्यांना कळलं होतं आणि मलाही.

त्या रात्रीचं मी काही सांगत नाही, रडले एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोपाचा समारंभ ठेवला होता, शाळेच्या पटांगणात, लिंबाखाली. झाडून सारा गाव जमला. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया, त्यांच्यात पाटलीणबाई. पेटी चादरीत बांधून दमणीत ठेवलेली. बैलं जुंपायची तेवढी बाकी होती. शाल झाली, श्रीफळ झालं. मग बायांच्या बाजूने आग्रह सुरू झाला की एक गाणं झाल्याशिवाय पाहुण्यांना सोडायचं नाही. गवयांनी आढेवेढे घेतले, पण पेटी गाडीत पडलेली, मन खूश होतं. म्हणाले, "ठीक आहे. तुमच्या प्रेमाखातर."

आणि ते गायले. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं. सासरी गेलेली मुलगी वाऱ्यासोबत आईला निरोप धाडते, असं. आवाज होता, नाही म्हणायला जागा नाही. गोड, सुरेल, थोडा अनुनासिक, हुबेहूब रेडिओवरचा. बायांनी पदर डोळ्याला लावले. माझेही डोळे भरले. आपण मनात या माणसाला शिव्या दिल्या, असं वाटून मला लाज वाटली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्या कडव्यात त्यांनी डोळे मिटले, हात छातीवर ठेवला आणि आळवून म्हटलं,

"वाऱ्या, जराहेर माझे दूर..."

माझे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले.

का, ते सांगायचं तर मला खामगावला जावं लागेल. माझं सगळं लहानपण तिथे एका जिनासमोर गेलं. जिन म्हणजे कापसाची सरकी काढायचा कारखाना. वडील तिथे रुईच्या गाठी बांधायचे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून त्यांचा घोष एकच, शीक. आमच्या घरी ना रेडिओ ना तबकड्यांचा बाजा, पण गल्लीच्या तोंडावर एका चाचांचं चहाचं हॉटेल होतं आणि त्याच्या छपरावर कर्णा. हॉटेलात मोजक्या तबकड्या. त्यातली लाडकी तबकडी हीच. तिच्यावर कोणा गिऱ्हाइकाच्या हातून चरा पडला होता. मूळ ओळ होती, "वाऱ्या, जरा थांब ना, माहेर माझे दूर." सुई 'जरा'वर आली की त्या चऱ्यावरून उडी मारायची आणि थेट 'हेर'वर जाऊन पडायची. 'थांब ना, मा' एवढं गडप. उरलं ते जराहेर.

आमच्या अख्ख्या गल्लीने ते गाणं तसंच पाठ केलं. धुणं धुताना बाया जराहेर म्हणायच्या, वरातीत जराहेर व्हायचं. अर्थावरूनही एकदा चर्चा झाली. हॉटेलात बसणाऱ्या कापसाच्या एका दलालाने छातीठोकपणे सांगितलं, "उर्दू लफ्ज हाय तो. जराहेर म्हंजे लांबचं माहेर." चाचा बिचारे म्हणत राहिले, "भाई, हमारी उर्दू में तो नहीं है," पण त्यांचं ऐकतो कोण!

मीही तेच शिकून मास्तरकीच्या ट्रेनिंगला गेले आणि स्नेहसंमेलनात भर सभेत जीव ओतून जराहेर गायले. गाणं शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "हे काय गं?" मी दलालाचा अर्थ सांगितला. सभागृह जे हसलं ते हसलं. पुढे वर्षभर मुली मला नावाने हाक मारत नव्हत्या. जराहेर, इकडे ये. जराहेर, डबा खाल्लास का? मी किती रात्री उशीत तोंड खुपसून त्या तबकडीला शाप दिले असतील!

आणि आता लिंबाखाली, रेशमी सदऱ्यात, तीच तबकडी उभी होती. हे गाणं ज्यांनी स्वतः गायलं ते जराहेर म्हणतील कसे? जगात जराहेर म्हणणारी माणसं फक्त आमच्या गल्लीत होती.

गाणं संपलं, टाळ्या पडल्या. मी उठले. मोठ्या माणसांसमोर मी आपणहून बोलायला उभं राहावं, असा तो काळ नव्हता, आणि आमच्या वस्तीतल्या पोरीने तर नाहीच. पण राग असला की मला काळ-वेळ दिसत नाही, अजूनही. हात जोडून म्हटलं, "बुवा, पोरीले शिकवाचं हाय, म्हणून विचारतो. जराहेर म्हंजे काय?"

बुवा प्रसन्न हसले. "उर्दू शब्द आहे, बाई. जराहेर म्हणजे लांबचं माहेर."

मला इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. दलाल जसाच्या तसा! मी पाचवीच्या पोरींकडे वळले. "पोरींनो, तिसरं कडवं म्हना." हे गाणं गाण्याच्या तासाला बसवलेलं होतं; पेटी गाडीत होती, पोरी तशाच गायल्या. सगळ्यात पुढे पाटलांची धाकटी. खणखणीत आवाजात, "वाऱ्या, जरा थांब ना, माहेर माझे दूर."

पाटील चिडले. "पोरी चुकल्या. काऊन बाई, पाहुण्याचा पाणउतारा करून राह्यल्या?"

"मी नाही चुकली, बाबा," धाकटी म्हणाली. पाटलांसमोर घरात कोणी ब्र काढत नसे. "आपल्या रेडिओत असंच हाय."

आणि बायांच्या बाजूने पाटलीणबाईंचा आवाज आला, "हाव. असंच हाय. मी रोज आयकतो." पाटलांकडे रोज रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या बाया मग बोलू लागल्या. थांब ना, थांब ना, माहेर, माहेर. पुरुषांना बातम्यांपलीकडे काही ठाऊक नव्हतं.

मी बुवांच्या अगदी समोर गेले आणि आमच्या गल्लीच्या बोलीत विचारलं, "काय भाऊ, जिनासमोरच्या चाचाचा चहा अजून तसाच भेटते का?"

"हाव," ते बोलून गेले.

मग धुतल्या तांदळाची भाषा कुठच्या कुठे गेली. "मले काय माहीत, बाई! हॉटेलात तसंच वाजे! रेकाट म्या नाही खराब केलं!" त्या 'रेकाट म्या नाही खराब केलं'वर पहिली हसली ती धाकटी. मग सारा गाव हसला, लिंबावरचे कावळे उडाले. चार-दोन जण बाह्या सरसावून पुढे आले. मी म्हटलं, "हात लावू नका. गळा चांगला हाय त्याचा." त्याच्या अंगावरची शाल काढून घेतली, अंगठ्या पितळेच्या निघाल्या त्या त्यालाच राहू दिल्या, आणि तो चिखलीच्या वाटेने जो सुटला तो वळून न पाहता.

मी दमणीकडे निघाले तर पोरी माझ्या आधी पोचल्या होत्या. चौघींनी पेटी उचलली, बाकीच्या मागे, आणि गाणं म्हणत त्यांनी ती वर्गात नेली. मी आयुष्यात पुढे पुष्कळ मिरवणुका पाहिल्या, पण तशी एकही नाही. माझी छाती फुगली होती, सांगायला लाज कशाला?

पाटील खुर्चीत तसेच बसून होते. माणूस वाईट नव्हता, नुसता दिपला होता. मला म्हणाले, "बाई, पेटीले आता कोणी हात लावाचा नाही." मी म्हटलं, "लिहून द्या." सारा गाव बघत होता. त्यांनी कागद मागवला, खुर्चीच्या हातावर ठेवून लिहिलं आणि माझ्या हातात दिला. 'सदर पेटी शाळेची आहे. मुली पाचवीत येत राहतील तोवर ती कोणीही नेऊ नये.'

मी वाचला आणि परत दिला.

"मुली पाचवीत येत राहतील तोवर, एवढं खोडा."

"काऊन?"

"मुली येणारच हायेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वर्गाच्या दाराकडे पाहिलं, जिथे त्यांची धाकटी पेटीचा भाता ओढत होती. आणि पाटलांनी तेवढं खोडलं, खाली सही केली.