गाऱ्हाणं कुणी लिहिलं?

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी बाबांना पेज भरवत होते. "ताई, कथा मिळाली. छान झालीय. फक्त एक विचारायचं होतं, राग मानू नका," असं म्हणून ते घुटमळले. मी म्हटलं, विचारा. "ही तुम्हीच लिहिलीय ना? म्हणजे एआयकडून वगैरे नाही ना? यंदा आम्ही सगळ्यांनाच विचारतोय हो."

डोक्यात अशी तिडीक गेली! एवढी वर्षं कथा लिहितेय. कुणी म्हणालं लांबलीय, कुणी म्हणालं रडकी आहे, एकांनी तर शेवटच परस्पर कापून टाकला होता. पण 'तुमचीच ना?' असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "अहो, माझीच आहे. इतकं रडगाणं दुसरं कोण गाणार?" ते हसले, मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र वाटी हातात धरून तशीच बसून राहिले, आणि पेज गार झाली.

लालबागच्या आमच्या खोलीत आता बाबा आणि मी, दोघंच असतो. मी बँकेतून निवृत्त झालेली, लग्नाच्या फंदात न पडलेली. दादा डोंबिवलीला. उन्हाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, हातही थोडाफार हलायला लागला, पण वाचा गेली ती गेलीच. नुसतं "अं". तहान लागली तरी "अं", पंखा वाढवायचा असला तरी "अं". गिरणीत कापड विणणाऱ्या साच्यांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय लागलेला माणूस हा. कुजबुजले तरी खालच्या माळ्यावर ऐकू जायचं.

स्पीच थेरपीला येणारी मुलगी म्हणाली, "तुम्ही त्यांना वाचून दाखवा. आरत्या म्हणा, पाढे म्हणा. कधी कधी नवं बोलणं जातं, पण तोंडात बसलेलं शिल्लक असतं. ते अचानक बाहेर येतं." झालं, मी कामाला लागले. बे एके बे पासून सुरुवात केली. आरत्या झाल्या. बाबा भिंतीकडे बघत राहायचे. मग दुपारच्या चहानंतर मी वाचायला घेतलं, जे हाताशी येईल ते.

आणि तिथंच माझं बिनसलं. हल्ली सगळे जिची तारीफ करतात अशी एक जाडजूड नवी कादंबरी मी आणली होती. पूर्वी वाचताना पुढं काय होणार याची उत्सुकता असायची. आता मी प्रत्येक वाक्य हुंगायला लागले. हे जरा फारच गुळगुळीत नाही का? इथं आईच्या हातांच्या सुरकुत्या कशाला आल्या? हे माणसानं लिहिलंय की त्या एआयनं? बाबांना वाचून दाखवता दाखवता मी मधेच थांबायचे, पान उलटून लेखकाचा फोटो बघायचे. चांगला तिशीतला, दाढीवाला मुलगा. बिचाऱ्यानं काय घोडं मारलं होतं माझं! पण संशय काही जाईना. शेवटी कादंबरी बाजूला ठेवली आणि माझ्याच एका जुन्या कथेचा दिवाळी अंक काढला. तर काय, दुसऱ्याच पानावर आईच्या हातांच्या सुरकुत्या! कप्पाळ माझं. तेव्हा तर आमच्या घरात साधा फोनही नव्हता.

दादाची मुलगी कॉलेजात शिकते. एका रविवारी आली होती, तिला हे सांगितलं तर खो खो हसली. "आत्या, तू एकदा वापरून तर बघ." माझ्या फोनवर तिनंच ते घातलं, माझ्या दोन कथा त्याला दिल्या आणि सांगितलं, अशीच एक लिही. चहा उकळेस्तोवर कथा हजर. गिरणगाव होतं, चाळ होती, एक बाप होता, खिडकीशी बसलेला. मी वाचली. वाईट नव्हती हो. वाईट असती तर किती बरं झालं असतं! एका जागी तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून संताप आला.

"याला कळतं का गं हे सगळं?" मी विचारलं.

"अगं छे. एका शब्दापुढं सहसा कुठला शब्द येतो, तेवढं ते बघतं. सवयीनं आल्यासारखं. मागं काही नसतं."

ते ऐकून मला बरं वाटलं की आणखी वाईट वाटलं, हे मला आजही सांगता यायचं नाही.

गणपती जवळ आले तसा दादाचा फोन आला. यंदा गाऱ्हाणं कोण घालणार?

आमच्याकडे गणपतीची आरती झाली की लगेच कुणी प्रसादाला हात लावत नाही. घरातला कर्ता पुरुष देवासमोर हात जोडून उभा राहतो आणि मालवणीत देवाशी मोठ्यानं बोलतो. पाया पडण्यापेक्षा तक्रार करावी तसा. याला बरं कर, त्याचं लग्न जमव, ह्यांचं भांडण मिटव. प्रत्येक वाक्याला बाकीचे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" बाबांच्या गाऱ्हाण्याला आमचा अख्खा माळा यायचा, दारात, कॉमन गॅलरीत, जिथं जागा मिळेल तिथं. ते कुठं लिहिलेलं नव्हतं. दर वर्षी बाबा कुणाला तरी विसरायचे. मग मागून आवाज यायचा, "ओ, आमचा रव्हला मा!" बाबा एक डोळा उघडून म्हणायचे, "हां हां, सांगतंय, दम धर," आणि त्यांचंही घालायचे. लहानपणी मला वाटायचं की विसरणं हाही गाऱ्हाण्याचाच भाग असतो.

"मी घालतो," दादा म्हणाला, "पण मला येत नाही. तू लेखिका ना? लिहून दे, मी वाचतो."

मी हो म्हटलं, कारण माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. बाबांच्या तोंडात आरत्यांहून खोल काही बसलेलं असेल तर ते हेच. समोर गाऱ्हाणं सुरू झालं, सगळे ओरडले, तर त्यांच्याही तोंडून ते दोन शब्द निघतील. निघालेच पाहिजेत. थेरपीवाली मुलगी म्हणालीच होती की फार दिवस उलटले की आशा कमी होत जाते. गणपती गेले की परत वर्ष थांबा, आणि बाबांचं वय थांबण्यासारखं राहिलं नव्हतं.

लिहायला बसले आणि हात टेकले. आम्ही भावंडं मुंबईची मराठी बोलत वाढलो. मालवणी कळते, पण बोलताना जीभ अडखळते. चार ओळी खरडल्या, तर तो कुठल्याशा वर्तमानपत्राचा अग्रलेख झाला. फाडून टाकला. दादा म्हणाला, "अगं, त्या एआयला सांग ना, उगाच जिवाला कशाला घोर?" सांगितलं. आलं! व्यवस्थित 'बा देवा म्हाराजा'पासून सुरुवात. मालवणी जरा पुस्तकी होती, पण माझ्याहून बरी होती. मी दोन-चार शब्द इकडचे तिकडे केले आणि दादाला पाठवून दिलं. चांगलं होतं, मग काय करणार?

गणपती आले. बाबांना नवीन सदरा घालून खुर्चीत, देवाच्या अगदी समोर बसवलं. आरती झाली. माळ्यावरची माणसं जमली. समोरच्या खोलीतल्या काकी गुडघा धरत धरत येऊन उंबऱ्यात बसल्या. दादानं फोन काढला, चष्मा लावला आणि वाचायला लागला.

"बा देवा म्हाराजा, आज तुज्या लेकरांनी जी सेवा केलेली हा, ती गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा!"

"सगळ्या घरांत सुख-समाधान नांदांदे. सगळ्यांका आरोग्य दी. सगळ्यांच्या इच्छा पुऱ्या कर."

"व्हय म्हाराजा!"

छान चाललं होतं. दादाचा आवाजही लागला होता. मी देवाकडे बघत नव्हतेच, माझं लक्ष बाबांच्या ओठांवर. ओठ मिटलेले. पृथ्वीवर शांती नांदली, निसर्गाचं रक्षण झालं, सगळ्यांची सगळी विघ्नं दूर झाली. लोकांचं 'व्हय म्हाराजा' हळूहळू खाली यायला लागलं. मागून कुणीच काही ओरडलं नाही. ओरडणार काय? कुणी राहिलंच नव्हतं. सगळ्यांका, सगळ्यांका म्हणताना सगळेच त्यात आले होते. दादानं फोन बंद केला. संपलं.

"अं," बाबा म्हणाले. मग जोरात, "अं! अं!" आणि बरा हात खुर्चीच्या दांडीवर आपटायला लागले. दादानं पाणी पुढं केलं, ते त्यांनी उडवून लावलं. वहिनी म्हणाली, दमले असतील, झोपवूया का? मला काय झालं कुणास ठाऊक. मी पुढं झाले, पदर खोचला आणि हात जोडले.

"बाईमाणसान गाऱ्हाणा?" मागून कुणीतरी पुटपुटलं.

"गप रे. म्हण गो तू, म्हण," काकी म्हणाल्या.

"बा देवा म्हाराजा," माझा आवाज फाटला. "काकींचो गुडघो बरो होवंदे."

"व्हय म्हाराजा!" काकीच सगळ्यांत मोठ्यानं ओरडल्या.

"दादाच्या चेडवाक चांगली नोकरी लागांदे." व्हय म्हाराजा. पुढं माझी मालवणी संपली, मग मी आपली मराठीत. खालच्या माळ्यावरच्या सुनेचं बाळंतपण सुखरूप होऊ दे. कोपऱ्यातल्या खोलीवाल्यांची कोर्टातली केस एकदाची मिटू दे. "ओ बाय, आमचो झील रव्हलो!" दारातून आवाज आला. "हां हां, सांगतंय, दम धर," मी म्हटलं आणि त्यांच्या मुलाचंही घातलं. लोक हसत होते. मीही हसत होते. असं करत करत बाबांपाशी आले.

"आणि म्हाराजा, आमच्या बाबांका..."

पुढं शब्दच सुचेना. वाचा दे म्हणू? त्यांच्या तोंडावर, सगळ्यांदेखत? आयुष्य दे म्हणू? हे असं, "अं" करत जगण्याचं? लेखिका म्हणे! हात जोडून ठोंब्यासारखी उभी राहिले.

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले.

स्वच्छ म्हणाले. पूर्वीसारख्या मोठ्या आवाजात नाही, पण खोलीभर ऐकू गेलं. मी अजून काही मागितलंच नव्हतं. काकींनी तोंडाला पदर लावला. दादा माझ्याकडे बघत राहिला आणि मी भर आरतीच्या जागी फतकल मारून रडले.

थेरपीवालीला कळवलं तेव्हा ती खूश झाली, पण लगेच म्हणाली, "ताई, एक सांगू? फार अर्थ लावू नका. हे आपोआप येतं. एक शब्द कानावर पडला की सवयीनं पुढचा तोंडून निघतो. त्यामागं समजून काही असेलच असं नाही."

मी चमकले. हे मी आधी कुठं ऐकलं होतं, ते आठवायला फार वेळ लागला नाही. म्हणजे मग काय म्हणायचं? तिकडं सवयीनं आलेले शब्द ते खोटे, आणि इकडं सवयीनं आलेले ते माझ्या बाबांचे? बाबांना तरी गाऱ्हाणं कुणी दिलं? त्यांच्या बाबांनी. त्यांना आणखी कुणी. मी डोकं धरून बसले. डोक्याचा पार भुगा झालाय, अजूनही.

तेव्हापासून बाबा हे दोनच शब्द बोलतात. चहा देऊ? "व्हय म्हाराजा." मीठ कमी झालंय का? "व्हय म्हाराजा." की जास्त झालंय? "व्हय म्हाराजा." मी हसते, तेही हसतात. समजून हसतात की मी हसले म्हणून हसतात, मला माहीत नाही.

परवा दिवाळी अंकाची प्रुफं आली. चहानंतर मी बाबांना माझी कथा सबंध वाचून दाखवली. वाचून झाल्यावर, का कोण जाणे, संपादकांनी विचारलं होतं तेच मी त्यांना विचारलं. "बाबा, ही माझीच ना?"

त्यांनी भिंतीवरची नजर काढली. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं. मग माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाले, "व्हय म्हाराजा."

फोनमध्ये ती दुसरी कथा अजून तशीच आहे, चहा उकळेस्तोवर लिहून झालेली. तीही त्यांना वाचून दाखवायची आणि हेच विचारायचं, की एकदाचा निकाल लागेल. रोज दुपारी मी ती उघडते. बाबा भिंतीकडे बघत असतात. आणि मी ती पुन्हा बंद करते, कारण तिलाही ते व्हय म्हणाले तर मी करू काय?