ताईंच्या ओटीवर न आलेलं भूत

पटकथाकार सुलभाताईंना मी पहिल्यांदा भेटले ती त्यांच्या कर्जतच्या घराच्या ओटीवर. तेव्हा मी भयमालिका लिहायचे आणि तिसरी मालिका समोर आली होती. मला मात्र भिवपुरीच्या वीजकेंद्रात राबलेल्या माझ्या वडिलांवर चित्रपट लिहायचा होता. मालिका नाकारली तर पुन्हा कोणी बोलावेल का, ही धास्ती होती. एकाच प्रकारात राहावं की सगळं लिहून पाहावं, हे विचारायलाच मी गेले होते.

ताईंनी मला वडिलांवरच्या पटकथेची लिहून झालेली पानं मोठ्यानं वाचायला सांगितलं. त्यांची रीत अशी, की नवं लेखन आधी शेजारच्या हिराबाईंना ऐकवायचं आणि ते कसलं आहे हे सांगायचं नाही. हिराबाई भातशेती करतात. ताई स्वतःचं लेखनही त्यांनाच ऐकवतात.

मी वाचू लागले. वडील पाळी संपवून येतात, दार वाजतं, आई दचकते. वाल सोलणाऱ्या हिराबाई थांबल्या.

"आता भूत येल ना गं?"

"अगं, तिचे वडील आहेत ते," ताई म्हणाल्या.

"मंग बाई घाबरली कशाला?"

ताई हसल्या. मला शरम वाटली. सवयीनं मी वडिलांनाही भुतासारखं आणलं होतं.

चहा झाल्यावर ताई म्हणाल्या, "हात बसेपर्यंत एकच प्रकार लिहावा. तुझा बसलाय. आता तो वडिलांवरही तसाच चालतोय, म्हणजे प्रकार बदल. पण भीती टाकू नकोस. आई खरंच कशाला घाबरायची, ते आठव."

आई दार वाजण्याला कधीच घाबरली नाही. पाळी संपूनही ते वाजलं नाही की घाबरायची. मी प्रसंग पुन्हा लिहिला. पानभर दार वाजतच नाही. पुढच्या खेपेला हिराबाईंच्या हातातला वाल हातातच राहिला. "मंग आलं का गं घरी?" त्यांनी हळूच विचारलं. ताई चष्मा पुसत बसल्या होत्या.

मी मालिका नाकारली. पुढे बराच काळ काम नव्हतं, तेव्हा ताईंनी स्वतःच्या मालिकेचे संवाद माझ्याकडे सोपवले आणि श्रेयनामावलीत माझं नाव आपल्या आधी घालायला लावलं. याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, म्हणून इथे लिहिते आहे.

ताईंनी पंचाहत्तरी गाठली. त्यांची प्रकृती अशीच खणखणीत राहो आणि ओटीवरची बैठक अजून खूप वर्षं भरत राहो. सध्या मी विनोदी काहीतरी लिहिते आहे. हिराबाई हसतीलच असं नाही. आणि हसल्या नाहीत तर का, हे मला ताईंकडूनच ऐकायचं आहे.