सगळा रस्ता खराब धरा

ह्या माणसाला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. डेपोत त्याला सगळे भिंगरी म्हणायचे. तीस वर्षं बस चालवली. घरी जेवतानासुद्धा उजवा पाय ब्रेक शोधायचा. आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी लिहून दिलं, महिनाअखेर स्टिअरिंग बंद. मग एकतर घरी बसायचं, नाहीतर वेळापत्रकाच्या टेबलाची परीक्षा पास व्हायची. घरी बसायची त्याला भीती वाटायची. बायकोलाही वाटायची, तिचं कारण वेगळं.

सून शिकवायला बसली. "बाबा, बस तीन तासांत एकशेसाठ किलोमीटर गेली. चांगल्या रस्त्यावर तासाला साठ, खराब रस्त्यावर चाळीस. तर चांगला रस्ता किती?"

भिंगरी उठून खिडकीपर्यंत जाऊन आला. "पाण्याला थांबली असेल ना? दहा मिनिटं वजा कर."

"गणितातली बस थांबत नाही हो!"

"मग प्रवाशांनी काय करायचं?"

सुनेनं कपाळाला हात लावला. "बरं, चांगल्या रस्त्याला क्ष म्हणू."

"रस्त्याला रस्ता म्हण की."

आठ दिवस हेच. दर वेळी दहा मिनिटं वजा, दर वेळी उत्तर चुकलेलं. आतून बायको ओरडायची, "अगं, ह्यांना चालता चालता शिकव. बसले की ह्यांचं इंजिन बंद पडतं."

परीक्षेत तेच गणित आलं, फक्त आकडे बदललेले. चार तास, दोनशेवीस किलोमीटर, वेग तेच. उठायची सोय नाही. पाय असा हलू लागला की शेजारचा कंडक्टर कुजबुजला, "काका, माझी अक्षरं नाचतायत."

क्ष काही आठवेना. आठवली ती स्वतःची जुनी खोड. नव्या मार्गावर निघताना तो सगळा रस्ता खराबच धरायचा. चांगला लागला तर तेवढी कमाई. धरला खराब. चार तास चाळीसनं, एकशेसाठ. साठ किलोमीटर कमी पडले. चांगल्या रस्त्यावर तासाला वीस जास्त मिळतात, म्हणजे चांगला रस्ता तीन तास. एकशेऐंशी किलोमीटर! दहा मिनिटं वजा करायला हात शिवशिवला. त्यानं तो मांडीखाली दाबून ठेवला.

चौथ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. साहेब पेपर वाचेपर्यंत खोलीत ह्याच्या सहा फेऱ्या झाल्या.

"उत्तर बरोबर आहे. पण क्ष कुठाय?"

"साहेब, तीस वर्षांत त्या थांब्यावर कुणी उतरलं नाही."

साहेब हसले, सही केली.

सोमवारपासून त्याला टेबल मिळालं. खुर्चीवर त्याचा डबा असतो. तो उभ्यानंच वेळापत्रकं लिहितो. पहिल्याच दिवशी त्यानं प्रत्येक लांबच्या गाडीला पाण्यासाठी दहा मिनिटं दिली.