वकिलाच्या बिलातली शेवटची ओळ

बोईसरच्या बाजारात मी चाळीस वर्षं मासळी विकते. सकाळचं गिऱ्हाईक गेलं की सांजेपर्यंत माश्या हाकलायच्या आणि बोलत बसायचं, दुसरं काम नाही. आधी आमच्या ओट्यावर सुनांचे किस्से चालायचे, मग जावयांचे. आता ज्याची त्याची पोरं फ्लॅट घ्यायला लागली, तेव्हापासून वकिलांचे किस्से इतके साठलेत की सुना-जावयांचा नंबरच लागत नाही! मी शाळा पाहिली नाही. पण एकदा ऐकलेलं माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून सांगते.

* * *

पहिला फ्लॅट घेतला माझ्या शेजारी बसणाऱ्या हिराबाईच्या मुलानं. मायलेक पालघरला वकिलाकडे गेले. वकिलानं बिल पुढे ठेवलं. आकडा ऐकून हिराबाईला घाम फुटला, पण चाळीस वर्षांची सवय! तिनं सरळ निम्मा भाव सांगितला.

वकील म्हणाला, "मावशी, यातली माझी फी एवढीशीच. ही मोठी रक्कम मुद्रांक शुल्काची. घराचा कागद करताना सरकारला भरावी लागते. ती कमी होत नाही."

"कमी होत नाय म्हंजे? सांजच्याला सुरमईबी कमी होते!"

"सरकार घासाघीस करत नाही, मावशी."

"बरं. मग आमी सांजच्याला येतो," म्हणून हिराबाई उठलीच! मुलानं पदर ओढून तिला खाली बसवलं.

* * *

मग समोरच्या ओट्यावरची पारू. तिच्या नवऱ्याच्या आणि तिच्या नावानं घर. रजिस्ट्रीच्या कचेरीत मशीनवर अंगठा ठेवायचा. पारूनं ठेवला. मशीन गप्प. पुसून ठेवला, तेल लावून ठेवला, दहाही बोटं झाली. मशीन गप्पच!

तिथला माणूस म्हणाला, "मावशी, मशीनला तुमच्या बोटावर रेघाच दिसत नाहीत."

कशा दिसतील? सारा जन्म बर्फात हात आणि कोयत्यावर बोटं. रेघा केव्हाच मासळीबरोबर गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेल्या.

पारूनं अंगठा त्या माणसाच्या डोळ्यांसमोर धरला. "मशीनला नाय दिसत तर ऱ्हाऊदे. तुला दिसतो ना? मग लिही, पारू आलती!"

शेवटी आधार कार्ड आणि दोन ओळखीची माणसं आणून काम झालं. पण दोन तास पारू त्या कचेरीत अशी बसली होती, जणू ती जन्मलीच नाही!

* * *

आता आमचं. नवरा गेल्यावर होडी विकली, त्यात प्रकाशनं, माझ्या मुलानं, कारखान्यातल्या पगारातून साठवलेलं घातलं आणि बोईसरला एक जुना, राहता फ्लॅट ठरवला. सोमवारी रजिस्ट्री. त्या दिवशी पैसे कमी पडले तर घरमालक दुसऱ्या गिऱ्हाइकाला देणार, तसं त्यानं तोंडावर सांगितलं होतं.

गुरुवारी वकिलाचं बिल आलं. प्रकाशनं ते पाहिलं आणि जेवलाच नाही. आम्ही धरून चाललो होतो त्यापेक्षा छत्तीस हजार जास्त!

शुक्रवारी मी ते बिल पदरात बांधून ओट्यावर आणलं. आमचं एक जुनं गिऱ्हाईक आहे, देशमुखकाका. मोठ्या कारखान्यात हिशोबाच्या खात्यात होते, आता रिटायर. बोंबील घ्यायला आले, तेव्हा म्हटलं, "काका, बोंबील फुकट न्या, पन हे वाचा."

काकांनी चष्मा लावला. वकिलाची फी, वीस हजार. मुद्रांक शुल्क, दीड लाख. नोंदणी, तीस हजार. झाले दोन लाख. आणि शेवटची ओळ, जीएसटी अठरा टक्के, छत्तीस हजार!

"हा टॅक्स कशावर लावलाय?" काका ओरडलेच. "सगळ्या बेरजेवर? अहो, मुद्रांक आणि नोंदणी हा सरकारचाच पैसा. वकील फक्त तुमच्याकडून घेऊन तिकडे भरतो. त्यावर कसला टॅक्स! आणि तुम्ही घरगुती माणसं. वकिलाच्या फीवरसुद्धा तुम्हाला जीएसटी नाही."

मला कळलं. पारूची मासळी मी टेम्पोतून आणते, तिच्याकडून भाडं घेते. मासळीच्या किमतीवर थोडंच भाडं लावते?

काका जाता जाता थांबले. "घर कुणाच्या नावावर घेताय?"

"मुलाच्या."

"नुसतं बाईच्या नावावर घ्या. मुद्रांक घराच्या किमतीच्या एक टक्क्यानं कमी लागेल."

मग हिराबाईनं कपाळावर हात मारला. "मेल्या वकिला! मी कमी कर, कमी कर म्हनून घसा सुकवला, तवा हसत बसला. ही एक गोष्ट नाय बोलला!"

* * *

घरी सांगितलं. प्रकाश खूश. "मग आईच्या नावावर करू!"

"मला काय करायचंय? मी किती दिवसांची? संगीताच्या नावावर कर."

संगीता माझी सून. प्रकाशचा घास तोंडापाशीच थांबला.

"आई, मग माजं काय?"

"तू ऱ्हा की तिथं. ती काय नाय म्हननार हाय?"

संगीता भाकरी थापत होती. नऊ वर्षांत माझ्यासमोर तिनं कधी आवाज वर केला नव्हता.

* * *

शनिवारी वकिलाकडे गेले. तो म्हणाला, "आजी, बिल बरोबर आणलंय?"

"नाय. डोक्यात हाय." आणि चारही ओळी आकड्यांसकट म्हणून दाखवल्या. मग शेवटच्या ओळीवर काका काय बोलले तेही.

वकिलाचं तोंड उघडंच! मग म्हणाला, "ते कॉम्प्युटरनं आपोआप लावलं असेल."

"मग कॉम्प्युटरला आपोआप काढायला सांगा. आनि घर सुनेच्या नावावर करा."

* * *

सोमवार. प्रकाश नवा शर्ट घालून वकिलाच्या ऑफिसात सगळ्यांत पुढे. वकील म्हणाला, "तुमचं नाव आता साक्षीदारांत. बाहेर बाकावर बसा, सहीला बोलावतो." प्रकाश माझ्याकडे बघत बघत बाहेर गेला.

आत मी आणि संगीता. वकिलानं नवं बिल काढलं आणि जरा घाबरतच माझ्यापुढे धरलं. मी हात पुढे केला.

"आई, द्या इकडे," संगीता म्हणाली. "माज्या नावचं हाय."

मी हात मागे घेतला!

ती सातवी शिकलेली. एकेका ओळीवर बोट ठेवत सावकाश वाचत गेली. टॅक्सची ओळ गेली होती. मुद्रांक तीस हजारांनी उतरला होता. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"किरकोळ खर्च, तीन हजार. हा आधीच्या बिलात नव्हता. किरकोळ म्हंजे काय, साहेब?"

"ते... झेरॉक्स, येणं-जाणं, चहापाणी."

"कुनी पिला चहा? आमाला तर पानीबी नाय विचारलं."

वकिलानं पेन घेऊन ती ओळ खोडली आणि दाराकडे तोंड करून ओरडला, "अरे, तीन चहा आणा!"

"चार," संगीता म्हणाली. "साक्षीदार बाहेर बसलाय."